नाकातलं वजन

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चौतीस वर्षं काचा घासणाऱ्या या माणसाला दुकानातले सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. त्याला त्याचा राग नव्हता, उलट मनातून बरंच वाटायचं. निवृत्तीनंतर घासायला काचा उरल्या नाहीत, तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक बळकावलं आणि तिथे लढाऊ विमानं बनवायला घेतली. प्लास्टिकची, खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाची. बायकोने आधी कुरकुर करून पाहिली. मग टेबलाच्या मधोमध एक चिकटपट्टी लावली आणि बजावलं, "ही हद्द. हिच्या अलीकडे रंगाची एक जरी बाटली दिसली, तर थेट कचऱ्यात."

सध्याचं विमान मोठ्या भावासाठी होतं. दादा हवाईदलात मेकॅनिक होता आणि याच जातीच्या एका विमानाची त्याने नऊ वर्षं उस्तवार केली होती. तीन वर्षांपूर्वी त्याला बासष्टावं लागलं आणि तो विसरायला लागला. आधी नळ उघडे राहिले. मग एका सकाळी तो दाढी करून आला आणि पाच मिनिटांनी पुन्हा दाढीला बसला. आता पोटच्या मुलीला कधी बाई म्हणतो, कधी सिस्टर.

मिलिमीटरला पुढच्या महिन्यात बासष्टावं लागणार होतं. हे गणित त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण दिवसातून दहादा तरी ते डोक्यात येऊन जायचं.

विमान मात्र दृष्ट लागावी असं होत होतं. दादाला सगळं नीट आठवायचं तेव्हा त्याने एकदा सांगितलं होतं की त्याच्या विमानाचं डाव्या चाकावरचं झाकण दुसऱ्या विमानाचं काढून बसवलेलं होतं, त्यामुळे ते जरा गडद दिसायचं. एवढ्याशा झाकणासाठी मिलिमीटरने करड्या रंगाच्या चौदा छटा मिसळल्या, वाळवल्या, उन्हात धरल्या, सावलीत धरल्या. अकरावी पसंत पडली. वीस थेंब करडा, तीन थेंब निळा, एक काळा. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एवढं ज्याच्या ध्यानात राहतं त्या माणसाला काय होणार आहे, असं म्हणून तो स्वतःची समजूत घालायचा.

शेपटीवर आकडे चिकटवत असताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. नाकात वजन घातलं होतं का?

या विमानाला एक चाक पुढे नाकाखाली आणि दोन चाकं मागे. खऱ्या विमानात पुढे यंत्रं ठासून भरलेली असतात, प्लास्टिकचं नाक मात्र पोकळ. म्हणून तुकडे जोडण्याआधीच आत शिशाचे छर्रे चिकटवावे लागतात, पंधरा ग्रॅम. ते राहिलं तर तीन महिने राबून, रंगवून, वार्निश मारून विमान चाकांवर ठेवावं आणि त्याने शेपटीवर बसकण मारावी. नवशिक्यांची हमखास होणारी फजिती. तो काही नवशिका नव्हता.

त्याने वही काढली. प्रत्येक पायरी झाली की तिच्यापुढे लाल खूण करायची ही त्याची पहिल्यापासूनची शिस्त. पायरी तिसरी, खूण. पायरी पाचवी, खूण. चौथीपुढे काहीच नव्हतं.

पण त्याला आठवत तर होतं. वारा सुटला होता, खिडकी आपटत होती, हाताला पांढरा गोंद लागला होता, म्हणून खूण नंतर करू म्हणून राहिली. का ती खिडकी मागच्या विमानाच्या वेळी आपटत होती? जितकं आठवायला जावं तितकं ते चित्र हातातून निसटायला लागलं.

"अहो, एवढं काय त्यात," बायको म्हणाली. "पंखांखाली दोन बोटं लावून उचला. नाक खाली गेलं की कळलं, वजन आहे."

"वार्निश ओलं आहे अजून."

"काल वाळलं म्हणालात."

"वरून वाळलं. आतून वेळ लागतो."

वार्निश ठणठणीत वाळलं होतं. त्याला तोलायचंच नव्हतं. तोलेपर्यंत तो विसरलेला नव्हता. चार दिवस विमान पाठीवर, स्पंजच्या गादीवर पडून राहिलं. त्या चार दिवसांत मिलिमीटर गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचा, कुलूप ओढून जिना उतरायचा आणि पुन्हा वर जाऊन ओढायचा. बायकोने विचारलं की वेळ मारून न्यायचा.

शुक्रवारी विमानाला चाकांचे पाय बसवायलाच हवे होते, कारण रविवारी पुतणी दादाला घेऊन येणार होती. पाय बसले, चाकं बसली. त्याने श्वास रोखून विमान टेबलावर ठेवलं आणि हात काढून घेतला. विमान तिन्ही चाकांवर ठाम उभं राहिलं.

त्याने वहीत चौथ्या पायरीपुढे खूण केली. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला, बायकोच्या हद्दीत मुद्दाम ब्रश ठेवून तिला चिडवलं आणि दुपारी तास-दोन तास गाढ झोपला. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

रविवारी सकाळी बघतो तर विमानाने गुडघे टेकले होते. पुढचा पाय वाकून फाकला होता आणि नाक टेबलाला लागलं होतं. दुरुस्तीला वेळच नव्हता, कारण दारावरची घंटा वाजलीच.

दादा आला, खुर्चीत बसला, भिंतीकडे बघत राहिला. पुतणीने विमान त्याच्या मांडीवर ठेवलं. दादाचा अंगठा सावकाश पोटाखालून फिरला आणि त्या गडद झाकणावर थांबला.

"हे आपलं नाही," दादा म्हणाला. "दुसऱ्या विमानाचं आहे. स्टोअरमध्ये मिळालं नाही म्हणून काढून आणलं मी."

मिलिमीटरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौदा छटांचं चीज झालं होतं.

"पुढचा पाय मोडलाय रे," तो म्हणाला. "प्लास्टिक कच्चं निघालं."

दादाने दोन्ही तर्जन्या पंखांखाली घातल्या आणि विमान उचललं. नाक धाडकन खाली गेलं.

"पाय कच्चा नाही. नाक जड आहे. काय भरलंस आत?"

"पंधरा ग्रॅम. लागतातच."

"पंधरा नाहीत हे," दादा म्हणाला. मग त्याने विमान पुतणीकडे दिलं आणि तिला विचारलं, "बाई, घरी कधी जायचं?"

ते गेल्यावर मिलिमीटरने पातळ करवत काढली. आपण रंगवलेल्या नाकावर ती चालवताना त्याचा हात थरथरला नाही, काचांनी लावलेलं वळण होतं ते. नाकाची टोपी सुटली. आत छर्रे होते, पांढऱ्या गोंदात, एकाला एक लागून. खिडकी खरंच आपटत होती. त्याने हुश्श केलं आणि उजेड आत पडावा म्हणून विमान जरा कलतं केलं.

वैमानिकाच्या बैठकीखाली, मागच्या कप्प्यात, आणखी छर्रे होते. तेवढेच. पिवळसर, दोन नळ्या मिसळून करतात त्या गोंदात. काम सुबक होतं, कुठे ओघळ नाही, कुठे फट नाही. असं काम या घरात दुसरं कोण करणार?

बायको चहा घेऊन आली आणि त्याचा चेहरा बघून चिकटपट्टीच्या पलीकडे, त्याच्या बाजूला येऊन बसली. त्याने तिला दोन्ही दाखवलं, बोटाने, एकापाठोपाठ एक.

"दोनदा घातलंय मी."

तिला समजायला एक क्षण लागला. "त्यात काय. माझ्याकडून नाही का भाजीत दोनदा मीठ पडत?"

"पडतं. पण चव घेतलीस की तुला आठवतं, अरे, मघाशी घातलं होतं." त्याने पिवळ्या गोंदावर नख टेकवलं. "मी केव्हाचा हे बघत बसलोय. हात माझाच आहे. पण हे केलेलं मला अजूनही आठवत नाहीये."

तिने त्याच्या हातातली करवत काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "दादाच्या डॉक्टरांची वेळ घे."

तिने मान हलवली आणि टेबलावरची त्याची वही पुढे ओढली.

"तिच्यात नको," तो म्हणाला. "तुझ्याकडे लिहून ठेव."