राणीची शेकोटी

राणीच्या शेकोटीचा विषय निघाला की आमच्याकडे चहा दोनदा ठेवावा लागतो. एकाने किस्सा सुरू केला की दुसरा म्हणतो, "थांब थांब, त्याच्या आधीचं सांग!" आणि माझा नवरा मिलिंद मधूनच उडी मारून शेवटाला पोचतो. म्हणून आज मीच सांगते. मिलिंद, तू वडे खा.

इथे न्यूझीलंडला, अप्पर हटमध्ये आमची तीन मराठी घरं जवळजवळ आहेत. मी फार्मसीत, मिलिंद आयटीत. पलीकडे नागपूरचे डॉक्टर गजभिये. आणि सुलभा, हॉस्पिटलात नर्स, मूळची साताऱ्याची. तिची लेक रेवा मराठी सगळं समजते, बोलते मात्र इंग्लिश.

इंग्लंडच्या राणीच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली म्हणून ठिकठिकाणी टेकड्यांवर मोठी शेकोटी पेटवायची होती. आमच्या टेकडीचं काम शेजारच्या ग्रॅहमकडे. रिटायर्ड शाळामास्तर, माझ्या वडिलांच्या वयाचा, पण इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे त्याला अरे-तुरेच करतो. त्याने ठरवलं, कोविडमध्ये राबलेल्या एखाद्या नर्सनेच शेकोटी पेटवायची. नाव निघालं सुलभाचं.

सुलभा म्हणाली, "मी नाही."

* * *

मिलिंदने ही बातमी कौतुकाने आईंना फोनवर सांगितली. माझ्या सासूबाई कोल्हापूरला असतात.

"आई, राणीसाठी डोंगरावर शेकोटी पेटवणारेत!"

"का रे? थंडी वाजते का तिला?"

"अगं, ती इथे नाही. ती लंडनला."

"मग तिला ऊब कशी लागायची, बाळा?"

मिलिंदने फोन माझ्या हातात दिला.

* * *

गजभिये डॉक्टर पक्के आंबेडकरवादी. राजा-राणी म्हटलं की त्यांचं बीपी वाढतं, आणि ते स्वतःच मोजतात.

ग्रॅहमने त्यांना लाकडं वाहायला बोलावलं, तेव्हा ते मला म्हणाले, "वहिनी, हजारो मैलांवरच्या बाईच्या खुर्चीसाठी मी काडीसुद्धा उचलणार नाही."

"अहो, पण पेटवणार आपली सुलभा आहे. म्हणजे, तयार झाली तर."

डॉक्टर म्हणाले, "गाडी कुठपर्यंत जाते वर?"

दोन शनिवार त्यांनी मानुका नावाच्या इथल्या झाडाची लाकडं वाहिली. कंबर धरली. माझ्याच फार्मसीतून मलम नेलं आणि वर मला बजावलं, "हे राणीसाठी नव्हतं, लक्षात ठेवा!"

* * *

आता सुलभा का नाही म्हणत होती, ते सांगते. तिथे हसण्यासारखं काही नाही.

सुलभा एकुलती एक. तिच्या बाबांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "अग्नी तूच द्यायचास." ती "हो" म्हणाली होती. आणि बाबा गेले ते नेमके बॉर्डर बंद असताना. जाणं शक्यच नव्हतं. चुलतभावाने अग्नी दिला. वॉर्डच्या स्टाफरूममध्ये युनिफॉर्मवर उभी राहून ती फोनवर बघत होती. भावाने पलिता हातात घेतला आणि व्हिडिओ अडकला. परत लागेपर्यंत सगळं झालं होतं. तिने तोंड धुतलं आणि उरलेली ड्युटी केली.

तेव्हापासून तिने घरात साधी काडी ओढली नाही. देवापुढचं निरांजनही रेवाच लावायची. मला इतकं वाईट वाटायचं, पण बोलणार काय?

* * *

शेकोटीच्या आधीच्या रविवारी गावच्या हॉलमागच्या मैदानात ट्रायल होती. छोटासा ढीग, आणि शेजारी होजपाइप घेऊन आगीच्या बंबाचे दोन स्वयंसेवक. मिलिंद एवढ्या थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आलेला!

ग्रॅहमने काडी लावली. जाळ भसकन वर गेला, आणि मिलिंदचा हात आपोआप तोंडाकडे गेला. कोल्हापूरचाच तो! त्याने जी काही बोंब ठोकली, की बस्स. त्याची ऐकून मीही ठोकली. अहो, जाळ दिसल्यावर हात थांबतो का?

स्वयंसेवकांना वाटलं, कुणीतरी भाजलं. त्यांनी पाइप सोडला तो थेट मिलिंदवर.

थरथर कापत मिलिंद म्हणाला, "आमच्यात आग पेटली की असं ओरडतात."

त्यातला एक शांतपणे म्हणाला, "आमच्यातही ओरडतात. आणि मग आम्ही येतो."

लांब बाकावर बसलेली सुलभा खदखदून हसली. कित्येक दिवसांनी! मग हसता हसताच रडायला लागली.

ग्रॅहम तिच्याजवळ जाऊन बसला. मी त्याला बाबांचं सगळं आधीच सांगितलं होतं, अग्नी दिल्यावर मागे वळून बघायचं नसतं हेसुद्धा. तो म्हणाला, "नो प्रेशर. तू पेटवलंस तर पेटवलंस. नाहीच जमलं तर मी लोकांना सांगेन, वारा फार होता."

आमच्याकडच्या वाऱ्यावर काहीही ढकलता येतं, हे मात्र खरं.

* * *

शेकोटीच्या दिवशी वारा पडलेला होता. संध्याकाळ लवकरच झाली. खाली स्टेशनात गाडी शिरताना दिसत होती. वर निम्मं गाव जमलेलं, सॉसेज भाजणं चाललेलं. सुलभा येईल की नाही, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती आली. ग्रॅहमने मशाल पुढे केली. तिने आधी बूट काढले, मोजे काढले. त्या गार चिखलात अनवाणी उभी राहिली. मशाल घेतली, लाकडांभोवती सावकाश फिरली, आणि पेटवलं.

आमच्यातलं कुणी ओरडलं नाही. मिलिंदने दोन्ही हात खिशात घट्ट धरून ठेवले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं सुरू केलं. सुलभाने हात जोडले, बूट उचलले आणि जाळाकडे पाठ करून उतरायला लागली.

"फोटो! फोटो!" कार्यक्रमाला बोलावलेल्या पाहुण्या बाईंनी हाक मारली.

"मम, लुक! इट्स ह्यूज!" रेवा ओरडली.

सुलभा चालत राहिली. कसलंही कर्मकांड न मानणारे आमचे गजभिये डॉक्टर सगळ्यांत आधी वळले आणि तिच्या मागे निघाले. मग मिलिंद. मग रेवाचा हात धरून मी.

आणि ग्रॅहम? कित्येक आठवडे त्या एका जाळासाठी झिजलेला ग्रॅहम! त्याने बंबवाल्यांना खूण केली, टोपी काढली आणि आमच्या मागोमाग उतरायला लागला.

रेवाने त्याला विचारलं, "डोन्ट यू वॉन्ट टू सी इट?"

"छान पेटलीय म्हणतात," तो म्हणाला, आणि समोर बघत चालत राहिला.