अर्धा एकर ज्वारी

नांदेडच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. 'जगातील भुकेची कारणे' हा प्रश्न दहा मार्कांना येतो. दुष्काळ, विषमता, पीकपद्धतीतला बदल, असे मुद्दे मी फळ्यावर लिहून देतो. सुट्टीच्या दिवशी हदगावकडच्या आमच्या शेतावर जातो आणि सोयाबीन बघून खूश होतो.

शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी तिथे यायची. एकटीच राहते. पूर्वी सगळीकडे ज्वारी असायची, तेव्हा काढणीनंतर रानात पडलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचून ती उन्हाळा काढायची. वेचणाऱ्याला कुणी अडवत नसे. पुढे पावसाचा नेम राहिला नाही, आम्ही सगळेच सोयाबीन-हरभऱ्याकडे वळलो आणि काढणीला मशीन आलं. सरवा संपला. रेशनचं धान्य काही तिला महिनाभर पुरत नाही.

एकदा मी तिला पोतंभर ज्वारी देऊ केली. ती भडकलीच.

"भिकारीण हाय का मी? द्यायचंच आसंल तर आर्धा एकर जवारी पेरा. मी येचून घेते."

पेरली. गावात तेवढीच ज्वारी. पंचक्रोशीतल्या पाखरांना दुसरं रानच नव्हतं, सगळी आमच्याकडे जेवायला. म्हातारीने आपणहून राखण केली, दिवसभर पत्रा बडवला. पाखरांनी काही मनावर घेतलं नाही. काढणीनंतर ती दुपारपर्यंत रान तुडवत होती. पदरात चार कणसं आली. मी तिच्यापुढे दोन पायल्या ज्वारी ओतली.

"हे राखणीचं हाय का?"

"हाव, मावशी."

"मंग घेते." ज्वारी पदरात भरत तिने विचारलं, "पुढल्या साली पेरता न्हवं?"

"बघू," मी म्हणालो.

पुढल्या साली मी हरभरा पेरला. एकट्याने ज्वारी पेरणं परवडत नाही, हे खरंच आहे.

माघात मशीन चालू असताना ती आली, हातात रिकामं फडकं. बांधावर बसून मशीनकडे बघत राहिली. मी जेवणाचा डबा उघडला. त्यात ज्वारीच्या दोन भाकरी होत्या, नांदेडच्या बाजारातून आणलेल्या ज्वारीच्या. एक तिच्यापुढे धरली.

"खाऊन आले, भाऊ."

ती खाऊन आलेली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. मला लाज वाटली. लाज वाटत असतानाच मी दोन्ही भाकरी खाल्ल्या.