मान सैल सोडा

तात्यांना जबड्याखाली वस्तरा लागला, ते मला फेस गुलाबी झाल्यावर कळलं. सणसरमधल्या माझ्या दुकानात तीस वर्षं दाढ्या करतोय. कधी कुणाला लागलंच नाही, असं म्हणणार नाही. पण लागलेलं आधी हाताला कळतं, मग डोळ्यांना. त्या दिवशी हाताला कळलंच नाही. तात्या माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, कारखान्यातून रिटायर झालेले, बोलायला कमी. त्यांनी आरशात पाहिलं, समोरची तुरटी स्वतःच उचलून जखमेवर दाबून धरली आणि म्हणाले, "चालायचंच." रक्त मात्र लवकर थांबेना. पुढच्या बुधवारी खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले, "आज नुसतं मशीन मार." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

खरं तर महिनाभर माझा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर होत चाललं होतं. मानेतून निघालेली कळ खांद्याच्या फऱ्यात, तिथून दंडात आणि थेट मनगटापर्यंत जायची. एक गंमत मात्र लक्षात आली होती. हात डोक्यावर ठेवला की कळ उतरायची. त्यामुळं गिऱ्हाईक नसलं की मी बाकावर डोक्यावर हात ठेवून बसायचो, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय बुडालं रं?" सांगून सांगून कंटाळलो. पण असं का होतं, हे कुणालाच सांगता येईना, आणि दुखण्यापेक्षा तेच मला जास्त छळायला लागलं. माझा स्वभावच तसा. कुणी घड्याळ उघडून बसलं असेल, तर मी अर्धी दाढी सोडून बघायला जाईन.

लासुर्ण्याला माझ्याच धंद्यातला एक मित्र आहे. आमच्याकडं दाढी-कटिंग झाली की गिऱ्हाइकाची मान मोडून द्यायची पद्धत. एक हात हनुवटीला, दुसरा डोक्यामागं, एक हिसका इकडं, एक तिकडं. कट्‌कट् आवाज आला की गिऱ्हाईक खूश. मी अशा किती माना मोडल्या, त्याची गणती नाही, आणि त्याचा मला गर्वही होता. मित्राला म्हटलं, आज माझी मोड. त्यानं मोडली. आवाज झकास आला, आणि पाठोपाठ हातात अशी वीज गेली की मोटारसायकलची मूठ पिळता येईना. गाडी त्याच्याच दारात ठेवली आणि एसटीनं घरी आलो, उभ्यानं, एक हात डोक्यावर ठेवून.

मग मात्र बारामती गाठली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "मानेत शीर दाबली जातेय. हातातली ताकद कमी झाली तर लगेच या. तोवर फिजिओथेरपी." सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवारची वेळ घेतली.

फिजिओथेरपीच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा." डाव्या बोटांना दर वेळी 'हो' म्हणालो. मग उजव्या अंगठ्याची पाळी. मी वाट बघत बसलो. शेवटी म्हटलं, "लावा की."

"लावून झाला, काका."

मशीन काय, कुणीही फिरवेल. गावात दोन नवीन पार्लर त्याच्यावरच चालतात. माझ्याकडं माणूस येतो तो वस्तऱ्यासाठी, आणि वस्तरा तर याच दोन बोटांत धरायचा. ती परत आली नाहीत, तर मी कोण राहणार होतो?

तरी जिभेवर आलेलं विचारून घेतलंच. "हात डोक्यावर ठिवला की बरं का वाटतंय?" त्यांचा चेहरा खुलला. हात लोंबता असला की दाबलेली शीर ताणली जाते, वर घेतला की ती सैल पडते, असं त्यांनी स्वतःच्या हातावर दाखवलं. गावात महिनाभर न मिळालेलं उत्तर मला अर्ध्या मिनिटात मिळालं. निम्मं दुखणं तिथंच गेल्यासारखं वाटलं.

त्यांनी मला उताणं झोपवलं, हाताखाली उशी दिली आणि दोन्ही तळव्यांत माझं डोकं घेतलं. "मान सैल सोडा." हे वाक्य मी रोज लोकांना म्हणतो. मला काही ती सैल सोडता येईना. इतकी डोकी मी धरली, पण माझं डोकं असं कुणी धरलेलं मला आठवत नव्हतं. डोळे मिटून मी त्यांच्या बोटांवर लक्ष ठेवलं. एक बोट कानाखाली, एक त्याच्याही खाली. मान फिरवत नव्हत्या, नुसती दुखऱ्या बाजूकडून दुसरीकडं सरकवत होत्या, अगदी बोटभर, आणि परत जागेवर. पुन्हा पुन्हा तेच. मी वाट पाहून पाहून विचारलं, "आवाज कवा येनार?"

"नाही येणार."

मला फसवल्यासारखं झालं. मग मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की मी स्वतः माना मोडतो. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्यांनी मला उठवून बसवलं, टॉवेलची गुंडाळी हातात दिली आणि म्हणाल्या, "हे डोकं समजा. हिसका द्यायच्या आधी तुम्ही कशाची वाट बघता?"

तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "वजनाची. माणूस भ्यालेला असला की डोस्कं हलकं लागतं, त्यानं सोताच धरलेलं असतंय. सोडलं की हातात जड येतं."

"मीही त्याचीच वाट बघते," त्या म्हणाल्या. "फक्त त्यानंतर हिसका देत नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या मानेतूनच जातात. कुणाच्या मानेत काय चाललंय, ते वरून दिसतं का? तुमच्या मित्राला तुमचं दिसलं?"

नाही दिसलं. मला तात्यांची पिकलेली मान आठवली, दर बुधवारी माझ्या हातात येणारी, आणि टॉवेलची गुंडाळी मी हळूच खाली ठेवली.

पुढं सोमवारमागून सोमवार गेले. घरी करायला त्यांनी एक व्यायाम दिला होता. हात बाजूला पसरायचा, पंजा मागं वाकवायचा, मान हळू कलती करायची आणि परत यायचं. दुकानात तो करताना मला बघून लोक हसायचे. कळ हळूहळू ओसरली. ते मॅडमच्या हातानं झालं का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "काही हातानं, काही दिवस गेल्यानं. किती कशानं, ते मलाही नक्की सांगता येणार नाही." आमच्या धंद्यात असं कुणी कबूल करत नाही. बोटांचं मात्र काही खरं नव्हतं. रोज सकाळी उजव्या अंगठ्यानं मी स्वतःच्या गालावरचे खुंट चाचपायचो; कधी वाटायचं लागले, कधी वाटायचं उगाच भास. वस्तरा खणातच होता.

कारखान्याचा हंगाम संपला त्या आठवड्यात तात्या आले. दाढी बरीच वाढलेली. "मान आखडलीय. आधी ती मोड, मग मशीन मार."

"आता मोडत न्हाय तात्या. नुसती धरतो."

"धरून काय हुतंय?"

"बघा तर. मान सैल सोडा."

डावा हात डोक्यामागं, उजवा जबड्याखाली घेतला आणि थांबलो. बराच वेळ डोकं हलकंच लागत होतं. मग तात्यांनी एक श्वास सोडला आणि सगळं वजन हातात आलं. त्याबरोबर अंगठ्याखाली काहीतरी लागलं. दोन्हीकडं खुंट, आणि मधे तांदळाएवढी एक गुळगुळीत रेघ. ती मी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती.

"झोपलास का?"

"तात्या, हितं वण हाय."

"हाय की. तूच दिलाय." मग आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "बोटाला लागला का तुज्या?"

"लागला," म्हणालो.

तात्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. "मग वस्तरा घे. मशीननं खाजतंय."

मी नवीन ब्लेड काढलं, आणि फेस लावायच्या आधी तो वण पुन्हा एकदा चाचपून घेतला.