गाडीतळावरच्या सरळ रांगा

तीन वाजायला वीस मिनिटं होती. भोरच्या नव्या गाडीतळावर साठ-सत्तर बैलगाड्या उभ्या होत्या आणि त्यातली एकही हलत नव्हती. मी चुन्याच्या रेघेवर उभा राहून घसा फोडत होतो. रेघा माझ्या, रांगा माझ्या. आणि पहिल्या रांगेतल्या गाडीत पेंढ्यावर निजलेल्या कोंडाबाईंना पुण्याच्या मोटारीपर्यंत पोचवायची जबाबदारीही मीच हौसेनं अंगावर घेतली होती. मोटार तीनला सुटायची होती आणि त्या दिवसाची ती शेवटची होती.

मी तेव्हा संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे काय, तर इंजिनिअरसाहेबांनी नकाशावर बोट ठेवायचं आणि त्या बोटाखालची जमीन आपण उन्हात मोजायची. नोकरी नवीन होती. अंगात कोट होता, खिशात फूटपट्टी होती आणि जगातली कुठलीही अडचण सरळ रेघ मारून सुटते अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

अडचण बाजाराच्या दिवसाची होती. मावळातल्या खेड्यांतून गाड्या यायच्या आणि पेठेच्या रस्त्यावर दोन्ही अंगांना उभ्या राहायच्या. बैल सोडून चाकांना बांधलेले, पुढ्यात वैरण टाकलेली, मधे उरलेल्या वाटेवर कोथिंबीर-मिरच्यांची पथारी. त्यातून पुण्याची सर्व्हिस मोटार यायची, म्हणजे यायचा प्रयत्न करायची. सर्व्हिस मोटार म्हणजे खाजगी मालकाची, ठरल्या वाटेवर भाडं घेऊन धावणारी मोटार. एस.टी. नावाचा प्रकार अजून जन्माला यायचा होता. शेवटी मोटारमालकानं कळवलं, की बाजाराच्या दिवशी मोटार कापूरहोळपर्यंतच येईल, पुढचं तुमचं तुम्ही बघा. कापूरहोळहून भोर म्हणजे आठ मैल. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, आजाऱ्यांनी तिथवर जायचं कसं?

साहेबांनी मला बोलावलं.

"रस्ता मोकळा करायचा. काय कराल?"

"मोटारींना वेगळा स्टँड, गाड्यांना वेगळा तळ, आणि मोटारींचं वेळापत्रक, साहेब."

"किती दिवस लागतील?"

"एक महिना."

"करा," साहेब म्हणाले आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

वेळापत्रक आधी लागू केलं. मिनिटभर उशीर झाला तरी दंड, अशी पाटीच लावली. मग नदीकडचं मैदान साफ करून घेतलं. एक गाडी आणून लांबी मोजली, रुंदी मोजली, बैल बांधायला जागा धरली आणि फक्की टाकून सात रांगा आखल्या. फक्की म्हणजे चुन्याची पूड. नियम साधा होता: जो आधी येईल तो आतल्या रांगेत, नंतरचा त्याच्या मागे. रांगांचं तोंड नदीकडे, पाठ रस्त्याकडे. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं, की मी तो नकाशा घरी नेऊन बायकोला दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. रांगोळीसारखा." मला तेव्हा ती स्तुतीच वाटली.

नव्या तळाच्या पहिल्या बाजाराला सकाळी आठलाच मारुतीतात्यांची गाडी भोरात आली. हिरडस मावळातल्या एका वाडीवरून ते रात्रभर गाडी हाकत आले होते. साठीचा सडसडीत माणूस, डोक्याला मुंडासं. गाडीत त्यांची बायको कोंडाबाई. भाताच्या खाचराच्या बांधावरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, वर जखम. गावात बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या, पण जखम चिघळली होती. भोरच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, हे माझ्या हातातलं नाही. आजच्या आज पुण्याला न्या. उद्यावर गेलं तर पाय काढावा लागेल. सकाळची मोटार तोवर निघून गेली होती.

तात्या दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. मी तिथून जात होतो. म्हणालो, "तात्या, तीनच्या मोटारीनं जा. गाडी आमच्या नव्या तळावर लावा. अगदी आत, नदीकडे जांभळीची सावली आहे. बाईंना ऊन लागणार नाही. वेळ झाली की मी स्वतः येतो."

"देवासारखं भेटलात, सायेब," ते म्हणाले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

दुपारपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. पेठ मोकळी. मोटारी भोंगा न वाजवता येत-जात होत्या. साहेब स्वतः चालत चक्कर मारून गेले आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. साहेबांचा हात पाठीवर पडणं म्हणजे आमच्या खात्यात दिवाळीच. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

अडीचला उतरलो. तळावर गेलो आणि शिपायाला म्हणालो, "तात्यांची गाडी बाहेर काढा."

"कुठनं काढू, सायेब?" शिपाई म्हणाला.

समोर नदीची दरड. मागे सहा रांगा. शेजारची गाडी चाकाला चाक लावून. मोटार मागे घेता येते. जुंपलेली गाडी सहा रांगांमधून मागे घेता येत नाही. बैल दोन पावलं मागे सरकतो आणि मग मान फिरवून तुमच्याकडे असा बघतो, की तुमचं शिक्षण कुठं झालं असं विचारतोय. मी लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती. गाडी परत कशी जाणार, हे मोजायचं राहिलं होतं.

बरं, मागच्या गाड्या काढाव्यात, तर त्यांचे मालक बाजारात. "राखणीला कुणी नाही का?" मी विचारलं. तेव्हा दुसरी चूक कळली. या लोकांची जुनी रीत अशी, की एका गावच्या गाड्या एकत्र लावायच्या आणि गावचा एक माणूस राखणीला ठेवायचा. तो सगळ्या बैलांना ओळखतो, बैल त्याला ओळखतात. पेठेतला तो गोंधळ मला गोंधळ दिसत होता, पण त्याला गावागावाची शिस्त होती. मी आलेल्या क्रमानं गाड्या लावून घेतल्या आणि गावं विस्कटून टाकली. राखणदार होते, पण कुणाचे दोन बैल दुसऱ्या रांगेत, दोन सहाव्या. परक्या बैलाला कुणी हात लावेना. आमच्या शिपायानं एकाची वेसण धरली, तर त्यानं शिपायाला थेट वैरणीवर बसवलं.

मी तरी हुकूम सोडत राहिलो. हा इकडे घ्या, तो तिकडे घ्या. वीस मिनिटं गेली. तात्या गाडीपाशी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मला मोटार थांबवायचं सुचलं आणि मी स्टँडकडे धावत सुटलो. कोट घालून धावणारा ओव्हरसियर भोरनं तोवर पाहिला नसावा.

ड्रायव्हर होता किकवीचा नारायण. मोटारीला टेकून बिडी ओढत होता.

"नारायण, मोटार थोडी थांबव."

"न्हाई जमायचं, सायेब. तीन म्हंजे तीन. तुमीच पाटी लावलीया."

"मीच सांगतोय ना आता!"

"मागल्या आठवड्याला माज्या सासूसाठी दोन मिन्टं थांबलो, तवा दंड कुनी केला? तुमी काय म्हनला हुता? सासू असू दे न्हाईतर सासरा."

"अरे, तळावर एक बाई पडलीय. मांडी मोडलीय. आज पुण्याला पोचली नाही तर पाय जाईल. आणि गाडी अडकलीय ती माझ्यामुळे."

नारायणनं बिडी टाकली. "आदी ह्ये सांगायचं न्हाई व्हय? बसा. गाडी अडकली तर अडकली, मोटार तर मोकळी हाय न्हवं?"

तीनचा ठोका पडला तेव्हा प्रवाशांनी भरलेली मोटार पुण्याकडे जायच्या ऐवजी नदीकडे वळली. कुणी विचारलं, "काय हो, हे कुठं?" नारायण म्हणाला, "सायबाचा हुकूम." तळाच्या तोंडाशी मोटार उभी करून मी उतरलो, छाती फुगवून. पण कोंडाबाई सहा रांगा आत होत्या. मी पुन्हा सुरू केलं, "ती सातव्या रांगेतली गाडी आधी..."

मारुतीतात्यांनी माझ्या कोटाची बाही धरली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"सायेब, गाड्या ऱ्हाऊ द्यात हितंच. आपल्याला मानूस न्यायचंय, गाडी न्हाई."

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं.

पुढचं सगळं त्यांनी केलं. पाचव्या रांगेत कुणाची तरी विकायला आणलेल्या बांबूंची गाडी होती. दोन बांबू घेतले. त्यांना घोंगडं आवळून बांधलं. डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणूस असाच खाली आणतात. गाडीरस्ता लागेपर्यंत कोंडाबाईही तशाच आल्या होत्या. राखणदारांतले तिघं पुढे झाले. चौथे तात्या, पण मोडका पाय धरायलाही कुणीतरी हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही पाय धरा, मी घेतो." त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मागच्या डाव्या अंगाची जागा मला दिली.

बैलांच्या मधून, चाकांच्या मधून, वैरण तुडवत आम्ही निघालो. तात्या शेजारून वाकून चालत होते, दोन्ही हातांनी बायकोच्या मांडीच्या कामट्या धरून. "आली हां मोटार, आली," असं लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते. कोंडाबाईंनी पदराचा बोळा दातात धरला होता. एकदाही त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता आणि तो पुसायला माझा हात मोकळा नव्हता.

मोटारीत मागचं बाक आधीच रिकामं झालं होतं. प्रवासी कुरकुरले नाहीत. दोघं टपावर जाऊन बसले. एका बाईनं आपलं लुगड्याचं गाठोडं उशाला दिलं. तात्या बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले, पण त्यांची नजर मागे गाडीकडे होती.

"बैलांचं काय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या दारात बांधतो. वैरणपाण्याचं मी बघतो. जा तुम्ही."

मोटार गेली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. गाडीतळ सुटायला दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"मोटार तुम्ही वळवलीत?"

"हो, साहेब. दंड मी भरतो."

"दंड राहू द्या. तळ पुन्हा आखा. या वेळी कुणाला तरी विचारून."

तात्या आठ दिवसांनी बैल न्यायला आले. पाय वाचल्याचं त्यांनीच सांगितलं. मी त्यांना तळावर घेऊन गेलो. नकाशा दाखवला, तो त्यांनी उलटा धरला आणि बाजूला ठेवला. मग काठीनं मातीवर आखत म्हणाले, "हितनं शिरायचं, तितनं भायेर पडायचं. मागं घ्यायचं कामच न्हाई. ह्यो आमचा मावळ, ह्यो येळवंडी नदीकडचा. गाव गावाशेजारी लावा. आन् आजाऱ्याची गाडी भायेर, तोंडाशी." मी त्यावर फक्की टाकली. रांगा वेड्यावाकड्या झाल्या. सरळ रेघ एकही नाही. पुढच्या बाजाराला पाच वाजता तळ रिकामा झाला होता.

कोंडाबाई अडीच महिन्यांनी परत आल्या. तात्यांनी निरोप दिला होता, म्हणून मी स्टँडवर गेलो. नारायणनं हात दिला, तात्यांनी काठी दिली आणि त्या स्वतःच्या दोन पायांवर खाली उतरल्या. पाय थोडा आखूड झाला होता. मी पुढे होऊन नमस्कार केला. घरून पाठ करून आलो होतो ते म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुमची गाडी अडकली ती माझ्या चुकीनं. माफ करा."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर त्या चुकीचं काय न्हाई. तुमी मागं डाव्या अंगाला हुता न्हवं?"

"हो."

"तिगं पावलात पाऊल घालून चालत हुती. तुमीच तेवढं येगळं. लई हिसकं बसलं बगा, सायेब." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तात्या हसले, नारायण हसला. मीही हसलो आणि डोळे पुसले.

पुढे मी बरेच रस्ते केले, पूल केले, दोन-तीन स्टँडही बांधले. नकाशा समोर आला की मी आधी दोन गोष्टी बघायचो: माणूस बाहेर कुठून पडणार, आणि त्याला उचलणारे कुठे उभे राहणार. रेघा नंतर मारायचो.