रिंकवर फुटलेला नारळ

माझी भाची स्केट्सवर नाचायची. टीव्हीवर दिसतं तसं बर्फावर नव्हे. अमरावतीत बर्फ रसवंतीत मिळतो. तिचं आपलं गुळगुळीत सिमेंटवर, चार चाकांच्या बुटांवर. बहीण तिच्या शाळेसाठी अमरावतीत खोली करून राहत होती आणि भाऊजी अंजनगावला शेती सांभाळत होते. त्या नापिकीच्या वर्षांत शेती सांभाळणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लेकीचा सराव ते फोनवरच बघायचे. बहीण रोज व्हिडिओ काढायची, भाऊजी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे, आणि ज्यांना सायकलही धड चालवता आली नाही ते काका-मामा खाली सूचना लिहायचे. मामांत मीही आलोच.

एकदा हवेत गिरकी घेऊन एका पायावर उतरताना ती पडली. कुणीतरी ते टिपलं, त्याला गाढवाचं ओरडणं जोडलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या अख्ख्या वर्गानं पाहिलं. लागलं काहीच नव्हतं. पण तेव्हापासून उडीची जागा आली की ती हात पसरून नुसतीच पुढे निघून जायची.

"काहून नाही मारत उडी?" मी विचारलं.

"मारतो ना मामा. कोणी मोबाइल धरून नसलं का मारतो."

"अन् लोक पाहतात ते चालते?"

"लोकं भुलून जातात. मोबाइल नाही भुलत."

अकोल्याच्या स्पर्धेत उडी झाली नाही तर स्केट्स विकून टाकायचे, असं तिनं ठरवलं होतं. बारा वर्षांच्या पोरीचा निश्चय. त्यावर बोलायची आमची कुणाची छाती नव्हती.

अकोल्याला भाऊजी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघायला आले, फोन पूर्ण चार्ज करून. कठड्याशी सगळेच पालक फोन उगारून उभे होते. प्रमुख पाहुणे रीतीप्रमाणे उशिरा आले. शाल झाली, भाषण झालं, आणि मग पाहुण्यांनी उद्घाटनाचा नारळ फोडला. थेट रिंकवर, आणि चांगला ताकदीनं. पाणी पसरलं, करवंटीचे बारीक तुकडे चौफेर उडाले. असा एक तुकडा चाकाखाली आला की पोर तोंडावर आपटतं. पाहुणे टाळ्या घेऊन पुढच्या उद्घाटनाला गेले. कोच ओरडले, "पालकहो, उतरा खाली! पुसून घ्या!"

फोन खिशात गेले. आया ओढणीनं, बाप रुमालानं फरशी पुसू लागले. भाऊजी गुडघ्यांवर बसून खांद्यावरचा दुपट्टा फिरवत होते, नखानं एकेक तुकडा उचलत होते. आधीच इतका उशीर झालेला, की आयोजकांनी लगेच पहिलं नाव पुकारलं. ते नेमकं भाचीचं. पालक हातातल्या ओल्या फडक्यांसकट कडेला सरकले.

गाणं सुरू झालं. उडीच्या आधी तिनं सवयीनं कठड्याकडे पाहिलं. एकही फोन वर नव्हता. ती उडाली. उतरताना डगमगली, हात टेकता टेकता राहिला, आणि तशीच पुढे गेली. बहिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की ते सोडवून घ्यावं लागलं.

नंबर आला नाही. बुटांच्या नाड्या सोडताना भाचीनं विचारलं, "बाबा, काढला काय व्हिडिओ?"

"हात कुठं रिकामे होते बाई? हे पाह्य, दुपट्ट्याले नुसता नारळ."

"मंग पाह्यलं तरी काय?"

"पाह्यलं म्हणजे! डोये तं रिकामे होते."

परतीच्या एसटीत भावकीतल्या एका काकांचा फोन आला, व्हिडिओ का नाही म्हणून. भाऊजी सीटवरून अर्धे उठून हातवारे करत सांगू लागले, "दादा, पोरगी अशी पुरुषभर वर गेली!" भाचीनं मांडीवरची स्केट्सची पिशवी न सोडता दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला आणि खाली, पार गुडघ्यापर्यंत आणला.

"एवढीच, बाबा. नीट सांगा ना त्यायले."