आधी सोबतच्यांना चहा

आमच्या दुखण्याच्या ओपीडीत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. घरी जेवताना आठवतात आणि घास हातातच राहतो. मी इथली नवी रिसर्चर. ज्यांची पाठ, मान, गुडघे वर्षानुवर्षं दुखतायत, त्यांना लहानपण कसं गेलं ते विचारायचं. लहानपणी फार सोसलेल्यांना उपचार कसे लागू पडतात, एवढंच बघतोय. एवढंच म्हणे!

*

पहिलेच पेशंट अकोट्याचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले.

"घरी कोणी मारायचं का?"

"छे, आमचं घर तसलं नव्हतं."

मी पुढच्या प्रश्नाकडे वळले, तर म्हणतात, "पट्टा असायचा. पण तो सगळ्यांनाच."

मी आधी लिहिलेलं 'नाही' खोडलं. काका माझ्याकडे बघत राहिले, हिला काय झालं म्हणून.

*

आपल्याकडे डॉक्टरकडे एकटं जातं कोण? डभोईच्या एका गुजराती बेनबरोबर नवरा, दीर आणि शेजारीण. प्रश्न मी बेनना विचारला, उत्तर नवऱ्यानं दिलं, "एनुं बाळपण तो बहु सरस." हिचं बालपण एकदम छान!

बेन त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तमे क्यां जोयुं?" तुम्ही कुठं बघितलंत!

त्या दिवसापासून आमच्या ओपीडीच्या डॉक्टर सरांचा नियम झाला. सोबतच्यांना आधी चहाला पाठवायचं, मग विचारायचं.

*

नियम लगेच कामाला आला. एका मावशींचा मुलगा चहाला गेला, दार लागलं, आणि मावशी म्हणाल्या, "आता विचार. पण त्याला कळू देऊ नकोस. माझ्या वडलांच्या फोटोला तो रोज हार घालतो."



*

मग सावली गावच्या सुषमाताई. सर म्हणाले, "मान वळत नाही, स्कॅनमध्ये काही नाही, औषधं-व्यायाम झाले. घरचे ऑपरेशनच करा म्हणतायत. नीट विचार, नाहीतर बाई उगाच टेबलावर जातील."

दोघीजणी आल्या. एक आजी, खुर्चीत अवघडून बसलेल्या. दुसरी पन्नाशीची, पिशव्या सांभाळणारी. "सुषमाताई ना?" म्हटलं, तर दोघीही "हो" म्हणाल्या. पिशव्यावालीला मी चहाला पाठवलं.

मी लहानपणाचं विचारलं. आजी पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दूध उतू गेलं की आई चिमटा तापवायची." दंडावरचा डाग दाखवला. "कोणी विचारलंच नाही गं आजवर."



तेवढ्यात दुसऱ्या बाई चहा घेऊन आल्या. दार लोटायला अख्ख्या अंगानं वळल्या. मान जागची हलली नाही.

"आईचं झालं? माझा नंबर कधी?"

पेशंट ही होती.

आजींनी विचारलं, "हिलाही हेच विचारणार?"

"हो."

आजी उठल्या. चहाला हातही लावला नाही.

"मग मी बाहेर बसते. खरं ते सांग सुषमा, माझी काळजी करू नकोस."

आणि दार त्यांनीच ओढून घेतलं.