पत्र्यावरचा ओला पट्टा

आधी माझी चूक सांगतो, नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड नाही. माणसाची छाती निकामी करणारी धूळ मी एका माणसाच्या नाकातोंडात चार उन्हाळे जाऊ दिली. माहीत असून.

मी परभणीत एका मोठ्या व्यापारी इमारतीत देखभालीचा सुपरवायझर आहे. वय एक्कावन्न. भुतंखेतं, करणी, भास... यातलं काही मी कधी मानलं नाही. बायकोने दाराला मिरच्या बांधल्या की, 'सोडून फोडणीत टाक' म्हणणारा मी माणूस. तरी गेल्या उन्हाळ्यात घडलं ते घडलं.

इमारत तीन मजली. खाली कापडाची दुकानं, वर ऑफिसं. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल आहे, त्याचं छत आणि आतल्या आडभिंती सगळ्या सिमेंटच्या पत्र्याच्या. आपण सिमेंटचा म्हणतो, पण त्यात ॲस्बेस्टॉस असतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी आडभिंती घालून त्या हॉलचे गाळे पाडले. प्रत्येक भाडेकरूला कूलरसाठी भोक हवं, पंख्यासाठी भोक हवं. ते कापायचं काम चार उन्हाळे किसनमामांकडे होतं. पोखर्णीकडच्या एका खेड्यातले, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, हाताला सफाई अशी की पत्र्याला तडा म्हणून जायचा नाही.

पत्र्यांसोबत एक कागद आला होता. कापण्याआधी पत्रा ओला करा, नाकातोंडावर मास्क लावा, धूळ छातीत जाऊ देऊ नका. मी तो वाचला आणि घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

मामांनी स्वतःच विचारलं होतं, "साहेब, पाणी मारून कापू का? लय धुराळा व्हायलाय."

"नको मामा. जिन्यातून खाली कापडावर गळंल. मागं एकदा गळलं तर शेठ किती वरडले, माहीत हाय ना?"

मामा गमचा बांधून कोरडंच कापत राहिले. संध्याकाळी त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. मग मी गुळाचा खडा द्यायचो. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगपासून गिरणीपर्यंत सगळे हेच करतात. गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते म्हणतात. खरं सांगतो, तो कागद वाचल्यावर मला ते पटत नव्हतं. पण मास्क आणण्यापेक्षा गूळ देणं सोपं होतं, आणि गूळ दिला की आपण काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

नंतर मामांनी काम सोडलं. दम लागतो म्हणून. मी कधी चौकशीला गेलो नाही.

गेल्या मे महिन्यात मालकांनी हॉल मोकळा करायला सांगितलं. आडभिंतींचे पत्रे जिन्यातून उतरत नव्हते, म्हणून कापून उतरवायचे. पत्र्याचं काम करणारे सलीमभाई दोन माणसं घेऊन आले. त्यांनी खडूने रेघा मारल्या आणि चहाला खाली गेले. ते जाताना मी म्हणालो, "कोरडंच कापा, टाकीत पाणी नाही." खरंच नव्हतं. नळ यायला अजून चार दिवस होते.

अकराच्या सुमारास मी वर गेलो. भर उजेड, पत्रा तापून वरून आग ओतत होता. शेवटच्या आडभिंतीपाशी एक माणूस पाठमोरा उकिडवा बसलेला. नाकाला गमचा. हात पत्र्यावरून सावकाश फिरवत होता.

"कोण हाय रे?"

तो वळला. किसनमामा! भुवया पांढऱ्या.

"साहेब, पाणी मारून घेतो," ते म्हणाले. आवाज मोकळा, दम नाही, खोकला नाही. "मग कापू द्या पोरास्नी."

"मामा, तुमी कवा आलात?"

ते पुन्हा पत्र्याकडे वळले. जिन्यावर सलीमभाईंचा आवाज आला, मी क्षणभर तिकडे पाहिलं... पुन्हा वळलो तर तिथे कोणीच नव्हतं. हॉलला जिना एकच, आणि त्याच जिन्याने हे तिघे वर येत होते.

सलीमभाईंनी खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "साब, ये गीला कैसा? तुम्ही पाणी मारलं का?"

रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर ओला पट्टा, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काम थांबवा म्हणालो आणि मोटरसायकल काढून मामांचं गाव गाठलं.

मामा घरीच होते. बाजेवर, मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसलेले. आडवं झालं की श्वास कोंडतो.

"या साहेब! गूळ आणला का?" एवढं बोलून ते कितीतरी वेळ धापा टाकत राहिले.

मी मामींना विचारलं, "मामा आज परभणीला आले होते का?"

"परभणीला?" मामी हसल्या. "न्हाणीपस्तोर न्यायला दोघं लागतात. आज अकराला लय दिवसानं डोळा लागला बघा, खोकला बी न्हाई. बिड्या वढून वढून वाटुळं करून घेतलंय. दोनदा टीबीची औषधं झाली, गुण न्हाई."

"साहेबांपुढं तरी बिडी काढू नको," मामा म्हणाले. "माझंच चुकलं म्हणलं ना."

इतकी वर्षं हा माणूस स्वतःला दोष देत होता. डॉक्टरांनाही कोणी पत्र्यांचं सांगितलं नव्हतं, कारण घरात कोणाला ते माहीतच नव्हतं. माहीत होतं फक्त मला.

आता डॉक्टरांना सगळं लिहून दिलंय. गेलेली छाती परत येत नाही, पण आता औषध तरी चुकीच्या रोगाचं चालू नाही. आमचे पत्रे टँकर मागवून, भिजवून, मास्क लावून, न कापता अख्खेच खिडकीतून उतरवले. तो पट्टा मात्र त्या दिवशी एवढ्या उष्म्यातही संध्याकाळपर्यंत वाळला नव्हता. सलीमभाई साक्षीला आहेत. ते पाणी कुठून आलं, मी कोणाला पाहिलं... मला आजही सांगता येत नाही, आणि कोणी भास म्हणालं तर मी भांडणार नाही.

त्या दुपारी मी बाजेजवळ जमिनीवर बसलो. मामी पाणी घेऊन आल्या, तो तांब्या तसाच हातात धरून मी म्हणालो, "मामा, बिडीला एकटीला दोष देऊ नका. त्या पत्र्याच्या धुळीनं छाती जाते, हे कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. तुमी पाणी मारू का विचारलं, मीच नको म्हणालो. मामी, तुमीबी ऐका. चूक यांची नाही, माझी हाय. मला माफ करा."